कॅथलॅबमध्ये उभं राहणाऱ्या माणसांचं रेडिएशन: आपल्या जिल्ह्यांच्या गावांत काय स्थिती आहे?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी कॅथलॅब टेक्निशियन आहे. कॅथलॅब म्हणजे एक्स-रेवर बघत हृदयाच्या नसांची तपासणी आणि उपचार करायची खोली. हृदयविकारावर इथे बरेच धागे आहेत, पण सगळे पेशंटच्या बाजूने लिहिलेले. टेबलाशेजारी जी माणसं तासन् तास उभी असतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

पूर्वी आपल्याकडे अँजिओग्राफी म्हटलं की नागपूर. आता वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशा ठिकाणीही कॅथलॅब आहेत. जिवती-कोरपन्याकडच्या किंवा धारणीच्या माणसाच्या छातीत दुखू लागलं तर वाटेतले शंभर किलोमीटर वाचणं म्हणजे जीव वाचणं. हे फार चांगलं झालं. पण मशीन आली तरी डॉक्टर बहुधा एकच असतो. मोठ्या शहरात चार-सहा जणांत वाटलं जाणारं काम इथे एकाच्याच अंगावर येतं. सकाळची ओपीडी, दुपारच्या अँजिओग्राफी, रात्री दोनला आलेला एमआय म्हणजे हार्ट अटॅक, सगळं तोच करतो. अख्ख्या जिल्ह्याचा किरणांचा डोस एका माणसाला, आणि त्याच्यासोबत तिथल्या दोन-तीन सिस्टर आणि टेक्निशियनना.

किरण नेमके येतात कुठून, हे आधी सांगतो, कारण इथेच गैरसमज जास्त आहे. एक्स-रे ट्यूब टेबलाच्या खाली असते. त्यातून निघालेला मुख्य झोत वर पेशंटच्या छातीतून चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरकडे जातो. डॉक्टर त्या झोतात उभा नसतो. त्याच्यावर पडतात ते पेशंटच्या शरीरावर आपटून चारही बाजूंना विखुरलेले किरण. कवेलूच्या फटीतून उन्हाची तिरीप घरात येते ती धुळीमुळे बाजूनेही दिसते ना, तसं. म्हणून पेशंट जाडजूड असला की विखुरणं वाढतं. मशीन जास्त तिरकी केली तरी वाढतं. डॉक्टर पेशंटच्या उजव्या हाताला उभा राहतो, म्हणजे त्याची स्वतःची डावी बाजू छातीकडे असते. डावा डोळा, डोक्याची डावी बाजू, डावा खांदा, डावा हात यांना जास्त मिळतं ते त्यामुळे. एलएओ क्रेनियल व्ह्यूला (डिटेक्टर पेशंटच्या डावीकडे आणि डोक्याकडे तिरका करून घेतलेल्या चित्राला) तर ट्यूब फिरून डॉक्टरच्याच बाजूला येते. डॉक्टरसाठी सगळ्यांत वाईट व्ह्यू तो.

आता जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. एका रुग्णालयात छतावरून टांगलेली शिशाच्या काचेची शिल्ड होती. तिचा हात ढिला झाला होता, सोडली की हळूहळू खाली सरकायची आणि डिटेक्टरला अडायची. मग कुणीतरी ती कोपऱ्यात ढकलून बँडेजने बांधून ठेवली. कंपनीला फोन झाले, कोटेशन आलं, कोटेशन टेबलावर पडून राहिलं. कित्येक महिने तिथले डॉक्टर तोंडावर काहीही आड नसताना प्लास्टी (बंद नस बलूनने उघडणं) करत होते. कोट्यवधींच्या मशीनमध्ये एका स्प्रिंगसाठी माणसाचे डोळे उघडे राहिले. याचा मला अजूनही राग येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचवणाऱ्या गोष्टी बहुतेक ठिकाणी आधीच विकत घेतलेल्या असतात. त्या वापरात ठेवणं हे कुणा एकाचं ठरलेलं काम नसतं, म्हणून त्या कोपऱ्यात जातात. तुमच्याकडे काय स्थिती आहे ते लिहा. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, पेशंटचे नातेवाईक, सगळ्यांनी.

गावठाण

भाऊ चांगला धागा काढला. मले एक इचारायचं हाय. आमच्या बाबाले मागच्या पोळ्याच्या टायमाले दोन स्टेन टाकले. घरी आणल्यावर आमची काकू म्हणे का लेकराईले आठ दिस जवळ नका जाऊ देऊ, आंगात मशीनचे किरण असते. बाबा बिचारे नातवाले जवळ घेऊन निजाचे, ते आठ दिस एकटेच पडून रायले. हे खरं असते का? अन दुसरं म्हणजे दवाखान्याच्या भित्तीले लागून आमच्या मावसभावाची चहाची टपरी हाय, त्याले काई होईन का?

वर्धाकाठ

गावठाण भाऊ, नाही. काहीच खरं नाही. एक्स-रे डॉक्टरच्या पायाखालच्या पेडलने चालू होतो, त्यावरून पाय उचलला त्या क्षणी किरण संपले. खोलीत, चादरीत, पेशंटच्या अंगात काही उरत नाही. स्टेंटमध्येही किरणं नसतात, तो धातूचा असतो. बाबांना नातवाजवळ बिनधास्त झोपू द्या. ज्या तपासण्यांत शरीरात किरणोत्सर्गी औषध टोचतात त्या वेगळ्या, तिथे डॉक्टर स्वतःच सांगतात काय पाळायचं ते.

बाबांना त्या वेळी मिळालेला डोस हा एकदाचा. साधारण अंदाज द्यायचा तर अँजिओग्राफीचा ७ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास आणि प्लास्टीचा १५ च्या आसपास धरतात. निसर्गातूनच आपल्या सगळ्यांना वर्षाला जगभरच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावरून तुलना करा. हृदयाची बंद नस उघडण्यापुढे तो धोका फार लहान आहे.

टपरीचं म्हणाल तर कॅथलॅबच्या भिंती आणि दारं मंजूर आराखड्याप्रमाणे जाड किंवा शिशाचा थर लावलेली असावी लागतात. मशीन बसल्यावर भिंतीबाहेरही मोजणी करतात. मावसभावाने निवांत चहा विकावा.

गावठाण

लय उपकार झाले. काकूले हेच वाचून दाखवतो.

मध्यमा_यवतमाळ

मी इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजिस्ट आहे. वर जे लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. आमच्या बाजूच्या अडचणीही मांडतो.

लेड ॲप्रन, म्हणजे शिशाचा कोट, पाच-सात किलोचा. तो दिवसभर खांद्यावर घेऊन पुढे वाकून उभं राहायचं. माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांत कंबर किंवा मान धड असलेले मोजकेच आहेत. एका तुकड्याचा कोट सगळं वजन खांद्यावर टाकतो. जॅकेट आणि स्कर्ट असा दोन तुकड्यांचा घेतला तर निम्मं वजन कमरेवर जातं. समोरचे दोन पदर एकावर एक येऊन अर्धा मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण व्हावं लागतं. तेवढं असलं तर विखुरलेल्या किरणांतले जवळजवळ ९५ टक्के अडतात. हलका म्हणून विकला जाणारा प्रत्येक कोट तेवढं अडवतोच असं नाही, लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. थायरॉइड कॉलरचंही तेच. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर ४७ अंशांवर जातं, लाइट जाते, एसी दमतो, आणि घाम आला की पहिली उतरते ती कॉलर. हे घडताना रोज दिसतं.

पण अंगावरच्या कोटापेक्षाही मोठा फरक पायाने पडतो. पेडल दाबून ठेवून सिस्टरकडे बलून मागणं, वायर उघडेपर्यंत पाय तसाच ठेवणं, ही सवय तोडली की फ्लोरोची, म्हणजे पेडल दाबून चालतं एक्स-रे चित्र बघण्याची, वेळ झपाट्याने उतरते. स्क्रीनकडे नजर नसेल तेव्हा पाय वर. शेवटचं चित्र स्क्रीनवर थांबलेलं असतं, विचार त्याच्याकडे बघून करता येतो. दुसरं, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. बऱ्याच लॅबमध्ये कंपनीचा माणूस १५ वर लावून जातो आणि पुढे कुणी हात लावत नाही. बहुतेक कामाला ७.५ पुरतं आणि डोस बराच उतरतो. तिसरं, सिने, म्हणजे जास्त किरण वापरून केलेलं स्पष्ट रेकॉर्डिंग. एक सेकंद सिने म्हणजे साधारण दहा सेकंद फ्लोरोइतका डोस. नुसता बलून कुठे फुगवला एवढंच ठेवायचं असेल तर फ्लोरोच सेव्ह करता येतो.

डिटेक्टर पेशंटच्या छातीला जितका जवळ आणता येईल तितका आणा, झोत गरजेपुरता आखडा, उगाच मॅग्निफिकेशन नको. एलएओ क्रेनियलला काम अडलं असेल तर थोडा कोन बदलून बघा, पुष्कळदा नस तितकीच स्पष्ट दिसते.

तिवसेकर

हेतू चांगला आहे, पण एक सांगू का? असले धागे वाचून उद्या कोण डॉक्टर गडचिरोली-वाशिमला यायला तयार होईल? आधीच कुणी येत नाही. मुलीला कार्डिऑलॉजीच्या डीएमला पाठवायचा विचार करणाऱ्या माझ्या भावाने हे वाचलं तर तो तिला दुसरी शाखा घ्यायला लावेल. डॉक्टरांना सगळं माहीत असतं, चार भिंतींच्या आत बोलावं.

वर्धाकाठ

तिवसेकर, तुमची काळजी समजते. पण डॉक्टर इथे टिकायचा असेल तर त्याला सांगता आलं पाहिजे की इथली लॅब सुरक्षित आहे, शिल्ड चालू आहे, डोस मोजणाऱ्या बॅजचे रिपोर्ट वेळेवर येतात. लपवून माणूस येईल, पण कंबर गेली की नागपूरला निघून जाईल. आणि चार भिंतींच्या आत बोलून ती स्प्रिंग बदलली गेली नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

अणुरेणू

मी मेडिकल फिजिक्समध्ये आहे, काही रुग्णालयांचं रेडिएशन सेफ्टीचं काम बघतो. तिवसेकर, भीतीचा प्रश्न आकड्यांनी सोडवू या.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी आहे: रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. साधनं नीट वापरणारा कार्डिऑलॉजिस्ट याच्या पुष्कळ खाली राहतो. म्हणजे भावाच्या मुलीला खुशाल डीएम करू द्या.

डोळ्यांचं मात्र वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओलॉजिकल संरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची शिफारस वर्षाला १५० वरून थेट २० मिलिसिव्हर्टवर आणली. कारण पूर्वी वाटत होतं त्याहून कमी डोसला भिंग गढूळ होतं असं दिसून आलं. कॅथलॅबमधल्या लोकांच्या तपासण्यांत भिंगाच्या मागच्या बाजूचे डाग इतरांपेक्षा जास्त आढळले आहेत. हा मोतीबिंदू वयाच्या मोतीबिंदूपेक्षा जागेने वेगळा असतो.

मेंदूच्या गाठींबद्दल व्हॉट्सॲपवर खूप फिरतं, म्हणून तेही सांगतो. २०१३ मध्ये असं काम करणाऱ्या ३१ डॉक्टरांच्या मेंदू आणि मानेच्या गाठींची नोंद प्रसिद्ध झाली. २६ जणांची बाजू माहीत होती, त्यात २२ जणांची गाठ डावीकडे होती. हे लक्षात घेण्यासारखं आहे. पण ही गोळा केलेली उदाहरणं आहेत, किरणांमुळेच झालं याचा तो पुरावा नाही. डोकं शिल्डच्या आड ठेवायला मात्र एवढं कारण पुरे.

आता बॅज. टीएलडी बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा असतो. दर तीन महिन्यांनी वाचायला जातो. मला गावोगाव दोन प्रकार दिसतात. एक, बॅज ड्रॉवरमध्ये. रिपोर्ट शून्य येतो आणि सगळे खूश. दोन, बॅज ॲप्रनला लावलेलाच, आणि ॲप्रन लॅबच्या आत खुंटीवर. दुसऱ्याची केस चालू असताना बॅज आपला डोस खात बसतो, मग रिपोर्ट जास्त येतो, चौकशीचं पत्र येतं, आणि डॉक्टर म्हणतात तुमचा बॅजच खोटा. काम संपलं की बॅज काढायचा आणि लॅबच्या बाहेर, कंट्रोल बॅजच्या (तुलनेसाठी बाहेरच ठेवलेल्या बॅजच्या) शेजारी ठेवायचा.

शिवाय हेही ध्यानात घ्या की आतला बॅज शून्य दाखवतो तेव्हा तो कोटाच्या आतलं सांगतो. कोटाबाहेर डोकं आहे, डोळे आहेत, हात आहेत. कॉलरवर बाहेरून दुसरा डोसिमीटर लावला की डोळ्यांचा अंदाज येतो. ज्यांच्याकडे केसेस जास्त आहेत त्यांनी तो मागून घ्यावा.

आरमोरीची_माय

मी स्टाफ नर्स. सगळे डॉक्टरांबद्दल बोलताहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

डॉक्टर शिल्डच्या मागे असतात तेव्हा स्क्रब सिस्टर (साहित्य हातात देणारी) त्यांच्या बाजूला असते, आणि बाहेरची सिस्टर औषधं द्यायला डोक्याकडे जाते. तिथे शिल्ड नाही. पेशंट घाबरून हात हलवायला लागला की “सिस्टर, धरा जरा” म्हणतात आणि त्याच वेळी सिने चालू होतो. आमच्या इथे आम्ही ठरवून घेतलं आहे: सिनेच्या आधी डॉक्टर मोठ्याने “सिने” म्हणतात, आणि ज्याचं काम नाही तो दोन पावलं मागे जातो. नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते. अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो, हे आमच्या टेक्निशियनदादांनी सांगितलं होतं, ते पाठ झालंय.

दुसरं, ॲप्रन सगळे पुरुषांच्या मापाचे. बारीक मुलीने घातला की बगलेत एवढी मोठी फट राहते. डावी बगल नेमकी पेशंटकडे. छातीचा भाग उघडा राहतो त्याचं काय? मापाचे कोट मागितले तर “आहे त्यात भागवा” असं उत्तर एका ठिकाणी मिळालं होतं.

आणि दिवस गेले तर? बऱ्याच मुली नोकरी जाईल म्हणून सांगत नाहीत, चौथा महिना लागेपर्यंत लपवतात. यावर कुणीतरी नीट सांगा.

अणुरेणू

ताई, तुमचं “सिने” म्हणायचं आणि मागे व्हायचं हे मी माझ्या सगळ्या ठिकाणी सांगणार आहे.

फटीबद्दल: बगलेत बसणारे जोड-तुकडे किंवा छोट्या बाह्या मिळतात, ॲप्रन नवीन घेताना माप देऊन मागवता येतो. बाईच्या छातीचा भाग किरणांना संवेदनशील असतो, त्यामुळे ही मागणी नखऱ्याची नाही हे व्यवस्थापनाला लेखी कळवा.

गरोदरपणाबद्दल: सांगितल्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. सांगितलंच नाही तर ती लागू करता येत नाही, म्हणून लवकरात लवकर आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला) लेखी कळवावं. बहुतेक ठिकाणी मग कंट्रोल रूम, रिकव्हरी, ओपीडी अशी बदली देतात. काम चालू ठेवलं तर कोटाच्या आत पोटाजवळ जास्तीचा डोसिमीटर लावावा. यावरून कुणाची नोकरी जायचं काही कारण नाही.

सातपुडा

हे सगळं रोबोने सुटणार नाही का? २०१८ च्या डिसेंबरमध्ये गुजरातेत डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या रुग्णालयातली प्लास्टी रोबोने केली होती. डॉक्टर नागपुरात बसेल, पेशंट सिरोंच्यात.

मध्यमा_यवतमाळ

सातपुडा, ते काम मोठंच होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण रोबो असला तरी टेबलाशी माणूस लागतो. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालायला, रोबोचं साहित्य बदलायला, आणि नस फाटली तर दोन मिनिटांत हाताने सावरायला. तो माणूस आणि त्याची सिस्टर किरणांतच उभे असतात. आमच्याकडे नेटवर्क पाऊस आला की जातं. आपल्या पैशाला आधी चालू शिल्ड यावी, असं माझं मत.

ट्रस्टचा_माणूस

बऱ्याच दिवसांपासून वाचत होतो, आज लिहितो. आमचं ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे, तालुक्याच्या गावी. दानशूर लोकांच्या मदतीने कॅथलॅब उभी करायचं ठरलंय, कोटेशन मागवणं सुरू आहे. विकणारे लोक स्क्रीन किती इंची आणि चित्र किती स्पष्ट यावरच बोलतात. तुम्ही जाणकार आहात, करारात काय लिहून घ्यावं ते सांगा.

अणुरेणू

परवान्यापासून सुरू करा. कॅथलॅबला नियामक मंडळाचा परवाना लागतो, अर्ज त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर होतो. खोलीचा आराखडा मंजूर करून घेतल्याशिवाय वीट लावू नका, नंतर भिंत फोडणं महाग पडतं. आरएसओ कोण असणार हे आधीच ठरवा आणि त्याला आठवड्यात ठरलेला वेळ द्या, नुसतं कागदावर नाव नको.

मशीनसोबत छतावरची शिल्ड आणि टेबलाच्या कडेचा खालचा शिशाचा पडदा, दोन्ही किमतीतच धरून घ्या. पडदा खालून येणाऱ्या किरणांपासून पाय आणि मांड्या वाचवतो, आणि बरेचजण तो “अडतो” म्हणून काढून ठेवतात. मशीन बसवणाऱ्याकडून कमी डोसचे प्रोग्रॅम तुमच्या डॉक्टरांसमोर बसून लावून घ्या. दर केसचा डोस मशीन स्वतः दाखवते, तो पेशंटच्या कागदावर लिहिण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवा.

वर्धाकाठ

यात माझी भर. चष्मे बाजूच्या पाखांसकट घ्या, कारण डॉक्टर बघतो स्क्रीनकडे आणि किरण येतात डाव्या बाजूने खालून. नंबरचा चष्मा असलेल्यांना त्यांच्या नंबरचे शिशाचे करून द्या. नाहीतर एकावर एक दोन चष्मे कुणी घालत नाही.

ॲप्रन कधीही घडी करून ठेवू नका. रुंद हँगर भिंतीत पक्के बसवून घ्या. घडीच्या जागी आतला थर तडकतो आणि वरून काही दिसत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक ॲप्रन टेबलावर पसरून फ्लोरोखाली बघायचा, तडा गेलेल्या जागी पांढरी रेघ दिसते. प्रत्येक ॲप्रनला नंबर घाला आणि वही ठेवा, म्हणजे कोणता कधी तपासला ते कळतं.

शिल्डवर चढवायची निर्जंतुक पिशवी आधीपासून साठ्यात ठेवा. पुष्कळ ठिकाणी शिल्ड न वापरण्याचं खरं कारण ती पिशवी संपलेली असणं हेच असतं. ती प्रत्येक केसच्या किटमध्येच घातली तर कुणाला आठवण करावी लागत नाही.

आरमोरीची_माय

आणि ॲप्रन घेताना सिस्टरांची मापं घ्या. प्रत्येकीला बोलावून.

ट्रस्टचा_माणूस

सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात विक्रेत्यांसोबत बैठक आहे. शिल्डचा हात, स्प्रिंग आणि पडदा हे वार्षिक देखभालीच्या करारात येतात की वेगळे पैसे लागतात?

वर्धाकाठ

पुष्कळदा ते सुटे सामान म्हणून करारातून वगळलेले असतात, आणि घोळ तिथेच होतो. त्यांची नावं घेऊन करारात लिहून घ्या, किती दिवसांत दुरुस्त करणार तेही लिहा. शिल्ड बंद असेल तर मशीन बंद धरली जाईल, अशी एक ओळ टाकून बघा. विक्रेता कुरकुर करेल, पण बैठकीत डॉक्टर शेजारी बसलेले असतील तर ऐकतो. करार करण्याआधी मसुदा इथे टाका, आम्ही वाचून देतो.